एकतीस मार्चपर्यंत उभा

आमच्या शहराचं नाव मी सांगणार नाही. ते मॅनिटोबात आहे, हिवाळ्यात तापमान उणे पस्तीसपर्यंत उतरतं, आणि तिथल्या महापालिकेचे व माझे संबंध सध्या बरे आहेत. ते बिघडवायची माझी इच्छा नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखेल. बाकीच्यांनी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात डोकं घालून बघावं, आणि मग त्याहून आणखी पंधरा-सतरा अंश खाली यावं.

माझं नाव ओरेस्ट हलाबुर्दा, वय एकोणसत्तर. आमच्या भागातल्या कर्लिंग क्लबात मी तीस वर्षं बर्फमास्तर होतो. बर्फावरून वीस किलोचा गोल दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत पळायचं, असा हा खेळ आहे. ज्या बर्फावर हा थोर प्रकार चालतो, तो बर्फ रोज तासून, सपाट करून, वरून पाण्याचे बारीक थेंब शिंपडून तयार करणारा माणूस म्हणजे बर्फमास्तर. तेव्हा बर्फ या विषयात मला कोणी काही शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या गल्लीत हे मत माझ्याखेरीज कोणाचंही नाही.

ऑक्टोबरात माझी गाडी वारली. सत्तावीस वर्षांची होती, शांतपणे गेली, सिग्नललाच गेली. ती ओढून नेली त्या संध्याकाळी माझी मुलगी लरीसा हिचा व्हिक्टोरियाहून फोन आला. व्हिक्टोरिया पार पश्चिमेला, समुद्राकाठी आहे. तिथे लोकांना बर्फ दिसला की ते त्याचे फोटो काढतात.

"बाबा, नवी गाडी घेऊ नकोस," ती म्हणाली. "इकडे ये. आमच्या खालची खोली रिकामी आहे. तिला वेगळं दार आहे. इथे फेब्रुवारीत चेरी फुलते."

"फेब्रुवारीत फुलणाऱ्या झाडांवर माझा विश्वास नाही."

"गाडीशिवाय तू हिवाळा कसा काढणार? घसरून पडशील कुठेतरी."

"मी? बर्फावर?"

या दोन शब्दांत मी तीस वर्षांचा अनुभव ओतला होता, पण दूरध्वनीवरून तो पोचला नसावा. शब्दाने शब्द वाढत गेला आणि शेवटी करार ठरला. एकतीस मार्चपर्यंत मी गाडीशिवाय राहून दाखवायचं, पायी नाहीतर सायकलवर. एकदाही पडलो नाही, तर व्हिक्टोरियाचा विषय कायमचा बंद. एकदा जरी पडलो, तरी घर विकायला काढायचं आणि खालच्या खोलीत जायचं. आणि खोटं बोलायचं नाही.

"आईची शपथ घे," लरीसा म्हणाली. मी घेतली. स्टेफाला जाऊन दोन वर्षं झाली होती. याच घरात आम्ही एक्केचाळीस वर्षं संसार केला. स्वयंपाकघराच्या चौकटीवर लरीसाची उंची दरवर्षी पेन्सिलीने मांडलेली आहे आणि शेजारी, मी उंच झालो नाही हे सिद्ध करण्यासाठी, स्टेफाने माझीही मांडलेली आहे. मला हे घर सोडायचं नव्हतं. कारणं बरीच सांगता येतील, पण खरं एवढंच.

करार ठरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो गल्लीभर झाला होता. मी फक्त मेन्नोला सांगितलं होतं.

मेन्नो टेव्ज समोरच्या घरात राहतो. वय सत्त्याहत्तर. शेतीची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. आता यंत्रं उरली नाहीत म्हणून तो माणसं दुरुस्त करतो. त्याने माझी सायकल गॅरेजातून बाहेर काढली, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि ती परत आत ठेवली.

"ही चालणार नाही. दांडा उंच आहे. घसरलास तर पाय जमिनीला लागायच्या आत तुझी शुद्ध जाईल. स्टेफाची काढ."

स्टेफाची सायकल आकाशी रंगाची आहे. तिला मधला दांडा नाही. पुढे वेताची टोपली आहे आणि टोपलीवर स्टेफाने स्वतः रंगवलेली दोन सूर्यफुलं आहेत. माझ्या वयाच्या, माझ्या हुद्द्याच्या माणसाने ती सायकल चालवायची, तर त्याला भक्कम तांत्रिक कारण हवं. ते मेन्नोने दिलं होतं. मला ती चालवताना बरं वाटायचं, हे मी त्याला सांगितलं नाही. मेन्नोने तिला बारीक खिळ्यांची टायरं चढवली, साखळीला कसलंसं वासाचं तेल पाजलं आणि मला माझ्या बुटांवरून लोकरीचे पायमोजे घालायला लावले.

"मोजे बुटांच्या आत घालतात," मी म्हणालो.

"आत ऊब येते. बाहेरून घातले की पकड येते. तू बर्फ बनवलास खरा, ओरेस्ट, पण त्याच्यावरून चाललास कुठे? क्लबात तर रबरी तळव्यांचे बूट घालून फिरायचास."

हे मला लागलं. पण मोजे घातले. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे होते, दुसरे सापडले नाहीत.

उजव्या बाजूच्या घरात मादाम बोद्री राहतात. वय एक्क्याऐंशी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे अजूनही समोरच्याचं बोलणं मध्येच तोडून त्या दुसरीकडे जोडून देतात. दिवसभर खिडकीशी बसून पाखरांना दाणे घालणं आणि गल्लीवर लक्ष ठेवणं ही त्यांची दोन कामं. त्यांनी मला अंगणात उभं करून पेंग्विनसारखं चालायला शिकवलं. पाऊल सपाट टाकायचं, चवडे बाहेर, हात किंचित पसरून.

"मादाम, मला चालता येतं."

"जमिनीवर. पोट आत घे. मेन्नो, बघ याचं पोट."

डावीकडची लुझ कातिंदिग इस्पितळात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. मला ती तातय म्हणते, तिच्या भाषेत वडिलांना म्हणतात तसं. तिने सल्ला दिला नाही. ती फक्त रोज आकडा सांगायची. "तातय, आज तीन खुबे आणि एक मनगट." दुसऱ्या दिवशी, "तातय, आज पाच खुबे. एक तर तुमच्याच वयाचे होते, तेही म्हणत होते की त्यांना बर्फ कळतो." अशा शेजाऱ्यांत राहून माणसाचा आत्मविश्वास टिकतो, तो केवळ मुळातच भरपूर असेल तर. माझा होता.

नोव्हेंबर सुखाने गेला. आठवड्यातून दोनदा चर्चच्या तळघरात बटाटे सोलायला जायचं, कारण आमच्या चर्चच्या बायका शुक्रवारी विकायला बटाट्याचं सारण भरलेल्या दोन हजार पिरोही वळतात. उरलेल्या दिवशी क्लबात कॉफी प्यायची आणि माझ्या जागी आलेल्या पोराचा बर्फ कसा वाईट आहे ते सांगायचं. दोन्ही ठिकाणी जायला एकच वाट, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

आमची गल्ली संपते तिथून ओढ्यावरच्या पादचारी पुलापर्यंत साठ मीटरचा चढउतार आहे. त्याला आम्ही कुबड म्हणतो. डिसेंबर लागला तसं कुबड काचेसारखं झालं. शहरातल्या इतर वाटांवर महापालिका वाळू टाकते, कुबडावर कोणी टाकेना. मी नागरिक मदत केंद्राला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई बोलल्या.

"ती वाट रस्ते खात्याच्या नकाशात नाही, साहेब. उद्यानाची असावी."

उद्यान खात्याने सांगितलं की झाडं जिथे संपतात तिथे उद्यान संपतं, ही पुलाची चढण आहे. पूल खात्याने सांगितलं की कठडा सुरू होतो तिथे पूल सुरू होतो, त्याआधीचा तो रस्ता. म्हणजे एवढ्या मोठ्या शहरात साठ मीटर जागा अशी निघाली की जी कोणाचीच नव्हती, आणि माझं भवितव्य नेमकं तिथे ठेवलेलं होतं. मी पुन्हा मदत केंद्राला फोन केला. त्यांनी मला अकरा आकडी तक्रार क्रमांक दिला. मी तो पाठ केला आणि वर एक चार पानी पत्र लिहिलं. त्यात बर्फाचे प्रकार, उताराचा कोन आणि नागरिकाची प्रतिष्ठा या तीन मुद्द्यांचा परामर्श घेतला होता. पत्र टाकायच्या आधी गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मेन्नो दुसऱ्या पानावर पेंगला. मादाम म्हणाल्या, "छान आहे. कोणी वाचणार नाही."

चौथ्या दिवशी सकाळी कुबडावर वाळू होती.

त्या दिवसाचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही, पण त्या वेळी सांगितला, प्रत्येकाला, दोनदा. मेन्नो म्हणाला, "लेखणीत ताकद असते बाबा." मादाम बोद्री पाखरांकडे बघत राहिल्या. लुझने माझं अभिनंदन केलं आणि दोन खुबे सांगितले.

तेव्हापासून रोज न चुकता माल पडू लागला. माझ्यासारख्या जाणत्याच्या नजरेतून हेही सुटलं नाही, की माल रोज वेगळा असे. सोमवारी आणि शुक्रवारी राखाडी भुकटी, मंगळवारी मातीच्या बारीक गोळ्या, बुधवारी कोंबड्यांना घालतात तसली गुलाबी खडी. मी तर्क बांधला की महापालिका माझ्या पत्रातल्या शास्त्रीय भागाने प्रभावित होऊन कुबडावर प्रयोग करते आहे. हा तर्क मी मेन्नोला ऐकवला.

"त्यातली कुठली चांगली वाटते तुला?" त्याने विचारलं.

"गुलाबी. राखाडीची पकड यथातथाच आहे."

मेन्नोला हे का झोंबलं ते मला त्या वेळी कळलं नाही. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उणे चौतीस झालं आणि सायकलच संपावर गेली. पायडल मारलं की पाय गरागरा फिरत, साखळी फिरे, चाक मात्र जागचं हलेना. मेन्नोने मागच्या चाकाच्या तुंब्याला कान लावला. "आतलं ग्रीस गोठलंय. गाडीला लावतोस तसं हिला रात्रभर प्लगला लाव."

आमच्याकडे हिवाळ्यात प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक वायर लोंबत असते. इंजिन गोठू नये म्हणून ती रात्रभर घराच्या प्लगला जोडून ठेवायची आणि सकाळी काढून निघायचं. मेन्नोने त्याच्या ट्रॅक्टरच्या दिवसांतली तळहाताएवढी चुंबकाची शेगडी आणली आणि सायकलच्या मागच्या लोखंडाला, तुंब्याच्या अगदी जवळ, चिकटवली. वायर सुटू नये म्हणून तारेने बांधली. मेन्नोची कामं पक्की असतात. माझ्या बाहेरच्या प्लगमध्ये वीज नव्हती, म्हणून लुझच्या पोर्चवरून नारिंगी लांबलचक वायर घेतली. तिथे प्लगांच्या एका पट्टीवर तिची नाताळची चांदणीही जोडलेली होती. बांबू आणि रंगीत कागदाची, हातभर रुंद, आत दिवे. लुझच्या देशात नाताळ सप्टेंबरात सुरू होतो, आणि संपतो कधी ते अजून आमच्या गल्लीत कोणी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहा जानेवारी. आमच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळची पूर्वसंध्या, चर्चच्या तळघरात कामाचा डोंगर. मी कानटोपी, मफलर, त्यावर आणखी एक मफलर, चष्म्यावर गॉगल अशा थाटात बाहेर पडलो, स्टेफाच्या सायकलवर टांग टाकली आणि काय सांगू, चाक लोण्यासारखं फिरलं.

आता माझी बाजू नीट समजून घ्या. बेचाळीस वर्षं मी गाडी चालवली. गाडीची वायर पुढे लोंबते. दाराकडे जाता जाता ती नजरेस पडते, हात आपोआप तिकडे जातो. सायकलची वायर मागे होती. आणि दोन मफलर बांधलेल्या माणसाला मागे बघायचं असेल, तर आख्खं अंग वळवावं लागतं. गल्लीच्या तोंडाशी मला मागून ओढ जाणवली. उत्तरेचा वारा असणार असं मी समजलो आणि जोर लावला. वारा एकदम पडला. मी कुबड चढलो, पूल ओलांडला आणि हमरस्त्यावरून ऐटीत निघालो. येणारेजाणारे हात हलवत होते. मी मान लववून त्यांचा नमस्कार स्वीकारत होतो.

चर्चच्या दाराशी फादर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं आणि आत वळून हाक दिली, "बायांनो, वर या. ओरेस्ट चांदणी घेऊन आलाय."

मी आख्खं अंग वळवलं. मागे वीस मीटर नारिंगी वायर पसरली होती आणि तिच्या टोकाला, प्लगांच्या पट्टीसकट, बर्फावर उताणी, लुझची चांदणी.

आमच्यात नाताळला मंडळी चांदणी घेऊन दारोदार जातात आणि गाणी म्हणतात. ही पद्धत आमच्या भागात दहा वर्षांपूर्वी बंद पडली होती. ती मी, या वयात, उणे चौतीसमध्ये, सायकलवरून परत सुरू केली, असा सर्वांचा समज झाला. पीठ लागलेल्या हातांनी सोळा बायका वर आल्या. दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी खरं सांगणारा माणूस निष्ठुर म्हणायला हवा. मी मफलर सोडले आणि तीन गाणी म्हटली. माझा आवाज मुळात चांगला नाही, पण गोठलेल्या गळ्यातून तो भक्तीने कापरा झाल्यासारखा वाटतो. गहू, मध आणि खसखशीच्या खिरीचा पहिला वाडगा मला मिळाला.

संध्याकाळी लुझ पोर्चवर उभी होती. "तातय, माझी चांदणी तुमच्याबरोबर कुठे गेली होती?"

"चर्चला," मी म्हणालो आणि चांदणी तिच्या हातात दिली. पाच टोकांपैकी चार शाबूत होती. तिने ती तशीच परत टांगली. त्या रात्री लरीसाला मी सगळं सांगितलं, कारण खोटं न बोलण्याचा करार होता. ती इतकी हसली की तिला फोन ठेवावा लागला. पण मुद्दा हा, की मी पडलो नव्हतो.

फेब्रुवारीत महापालिकेचं पत्र आलं. ते मला पाठ आहे. "आपल्या तक्रारीस अनुसरून सदर वाटेची समक्ष पाहणी करण्यात आली. सदर वाटेवर वाळूसदृश पदार्थ समाधानकारक प्रमाणात आढळून आला. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे." हे पत्र मी फ्रीजवर लावलं. त्याचा फोटो लरीसाला पाठवला. क्लबात त्याची प्रत वाटली. लोक माझ्याकडे आपापल्या गल्लीच्या तक्रारी घेऊन येऊ लागले, आणि मी त्यांना उताराचा कोन लिहायला सांगू लागलो. एका माणसाने अख्खी महापालिका हलवली, असं मी स्वतः म्हणत नव्हतो. पण कोणी म्हटलं तर अडवत नव्हतो.

मार्च लागला. आमच्याकडे मार्च हा सगळ्यांत लबाड महिना. दिवसा वितळतं, रात्री गोठतं. वीस तारखेला, बुधवारी, भल्या सकाळी दारावर थाप पडली. दार उघडलं तर लरीसा. स्टेफाच्या स्मरणाची प्रार्थना त्या रविवारी होती, पण ती शनिवारी येणार होती.

"लवकरचं विमान मिळालं," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा निराळा दिसत होता. रडल्यासारखा किंवा हसू दाबल्यासारखा. मी समजलो, थंडी बाधली असणार. व्हिक्टोरियाने पोर नाजूक केली.

नाश्त्याला बसलो. तिने फ्रीजवरचं पत्र वाचलं. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"अकरा दिवस राहिले, बाबा."

"अकराच. आणि एकदाही नाही."

"सगळं त्या वाळूमुळे ना?"

"वाळू माझ्या पत्रामुळे," मी म्हणालो, "आणि उरलेलं माझ्या पायांमुळे. थांब, तुला दाखवतोच महापालिकेत माझं काय वजन आहे ते. आभाराचा फोन करायचा राहूनच गेलाय." मी फोन टेबलावर मध्यभागी ठेवला, आवाज मोठा केला, संगीत ऐकलं आणि अकरा आकडे एका दमात म्हटले.

"हो, दिसली," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "निकाली निघालीये."

"कुबडावर रोज नियमाने वाळू टाकल्याबद्दल मला तुमच्या खात्याचे आभार मानायचे आहेत. विशेषतः गुलाबी."

बाई थोडा वेळ कळफलक बडवत राहिल्या. "साहेब, त्या वाटेवर आम्ही कधीच काही टाकलेलं नाही. ती वाट आमच्या यादीतच नाही. पाहणीला माणूस गेला तेव्हा तिथे आधीच पडलेलं होतं. म्हणून तर बंद केली."

"मग टाकतं कोण?"

"ते आम्ही कसं सांगणार? तुम्हाला नवीन तक्रार नोंदवायची आहे का?"

मी फोन बंद केला. लरीसा चहाच्या कपात बघत होती.

"आज सकाळी टॅक्सी गल्लीच्या टोकाशी आली ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हा कुबडावर मादाम बोद्री होत्या. अंगात दोन कोट, हातात बादली. पेंग्विनसारख्या चालत खडी टाकत होत्या. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी उतरून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, डिसेंबरपासून चाललंय. मेन्नोकाका चुलीतली राख टाकतात, लुझ तिच्या मांजराच्या शौचपेटीत घालायची माती टाकते, नवी हं, कोरी. वार वाटून घेतलेत. तू ते पत्र वाचून दाखवलंस ना, त्याच रात्री ठरलं."

साडेतीन महिने मी ज्या वाटेवरून छाती काढून गेलो, ती एका एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईने माझ्या आधी उठून तयार केली होती. आणि मी मेन्नोच्या तोंडावर त्याच्या राखेला नावं ठेवली होती. क्लबात तीस वर्षं मी हेच केलं होतं. लोक येण्याआधी जायचं, बर्फ तयार करायचा आणि त्यांना वाटू द्यायचं की ते फार छान खेळतात. मला फार लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो. मी ताडकन उठलो, मेन्नोला जाब विचारायला. बूट घातले. मोजे घातले नाहीत.

आमच्या घराच्या पुढे चार पायऱ्या आहेत. आदल्या दिवशी छपरावरून त्यांवर पाणी ठिबकलं होतं आणि रात्री गोठलं होतं. बाहेरची वाट गल्लीने सांभाळली होती. पायऱ्या माझ्या होत्या, त्यामुळे तिथे कोणी काही टाकलं नव्हतं, मीसुद्धा. तो बर्फ मी अगदी जवळून पाहिला म्हणून सांगतो, उत्तम होता. एकही बुडबुडा नाही. मी पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर आलो, बसलेल्या स्थितीत, आणि तिथून अंगणात.

मोडलं काही नव्हतं. पण मी उताणा होतो, वर स्वच्छ निळं आभाळ होतं आणि दारात लरीसा उभी होती. शपथ आईची होती. मी डोळे मिटून घेतले. घर गेलं, एवढंच माझ्या मनात आलं. पेन्सिलीच्या खुणा चौकटीसकट नेता येतील का, असाही एक विचार आला.

तेवढ्यात समोरचं दार आपटलं. मग उजवीकडचं. मग डावीकडचं. मेन्नो एक हात बाहीत, एक हात बाहेर अशा अवस्थेत रस्ता ओलांडून आला. रात्रपाळी करून नुकतीच आलेली लुझ इस्पितळाच्याच कपड्यांत आली आणि माझा खुबा दाबू लागली. मादाम बोद्री बादलीसकट आल्या.

"हलू नका, तातय. इथे दुखतंय? इथे?"

"मोजे कुठायत याचे?" मेन्नो म्हणाला. "बघा, मोजे नाहीत."

"पोट आत घेतलं नसणार," मादाम म्हणाल्या आणि तिथल्या तिथे पायऱ्यांवर खडी टाकू लागल्या.

लरीसा अजून दारातच होती. ती घड्याळाकडे बघत होती. मग खडीवर पाय ठेवत ती खाली आली आणि माझ्या शेजारी बर्फातच बसली.

"अकरा सेकंद," ती म्हणाली.

"काय अकरा सेकंद?"

"तू पडल्यापासून हे तिघं येईपर्यंत. मी खाली उतरायच्या आत." तिने नाक पुसलं. "बाबा, मला तुझ्या पायांची काळजी नव्हती रे. मला रोज एकच वाटायचं, तू पडलास तर ते कोणाला कधी कळेल. व्हिक्टोरियाला खालच्या खोलीत पडलास तर मला कळेल संध्याकाळी सहाला, ऑफिसातून आल्यावर. इथे अकरा सेकंद."

"पण करार," मी म्हणालो. माणसाने शब्दाला पक्कं असावं, विशेषतः उताणा असताना.

"करार रस्त्यावर पडण्याचा होता. हे घर आहे." तिने माझ्या बाहीवरचा बर्फ झटकला. "आणि हे घर तुझ्याजवळच राहू दे."

मला रडू आलं. उणे अठरात अश्रू पापण्यांवरच गोठतात आणि डोळे उघडत नाहीत, त्यामुळे मी बराच वेळ डोळे मिटून पडलो होतो. लुझला वाटलं मला घेरी आली आणि तिने माझ्या गालावर दोन चापट्या मारल्या.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे आमच्याकडे जेवायला होते. भांडी विसळताना मी मादाम बोद्रींना म्हणालो, "मलाही एक वार हवा. बर्फ मला कळतो." या वेळी कोणी हसलं नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

"बुधवार घे," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे कुरकुरायला लागलेत. कुबड, आणि तिथून मागे येऊन मेन्नोच्या दारापासून टपालपेटीपर्यंत. पण सात वाजायच्या आत. मेन्नो उठायच्या आत."

"मेन्नोच्या वाटेवरही टाकता?"

"मग? सत्त्याहत्तर वय आहे त्याचं. पण त्याला कळता कामा नये, फार मानी आहे. माझ्या दारापुढे मात्र काही टाकायचं नाही. मला गरज पडत नाही."

त्यांच्या मागे ताटं पुसत उभ्या असलेल्या लुझने माझ्याकडे बघून हळूच ओठांवर बोट ठेवलं.

बुधवारी सहाला मी बादली घेऊन बाहेर पडलो. बर्फावर थेंब शिंपडण्याचा जो हात क्लबात बसलेला आहे, त्याच हाताने मेन्नोच्या पायऱ्यांपासून टपालपेटीपर्यंत खडी टाकली. इतकी एकसारखी की बघणाऱ्याला कळावं, हे जाणत्याचं काम आहे. परत येताना मादाम बोद्रींच्या दारापुढे बादली जराशी कलंडली. म्हाताऱ्या माणसाच्या हातून बादली कलंडते.

दुपारी मेन्नो टपाल घेऊन माझ्या अंगणात आला. बुटांवर मोजे नव्हते. ऐटीत चालत होता.

"ओरेस्ट, तुझ्या त्या पत्राने काही झालं नसेल," तो म्हणाला, "पण मी नोव्हेंबरात एक फोन केला होता महापालिकेला. फक्त दोन मिनिटं बोललो. तेव्हापासून बघ, माझ्या दारापासून पेटीपर्यंत रोज वाळू पडते. बोलायची पद्धत लागते."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. कोटावर राख होती.

"हो," मी म्हणालो. "तुझं वजनच तसं आहे."